संयम वाढवणारा खेळ

माझे रोजचे नेम तीन. उठल्यापासून प्रार्थना होऊन माळ खाली ठेवीपर्यंत मौन; दिवसभरात खोटं बोलायचं नाही; आणि कुणाची निंदा करायची नाही. पहिला सोपा आहे, कारण त्या वेळी घरात बोलण्यासारखं काही घडतच नाही. दुसरा जरा जड जातो. तिसरा पाळायचा तर इमारतीच्या जिन्यात क्षणभरही थांबता येत नाही. पण हे तिन्ही नेम एकमेकांशी भांडू शकतात आणि त्या भांडणात आपलंच डोकं फुटतं, हे मला आमच्या यांच्या चॅनेलमुळे कळलं.

चॅनेल म्हणजे व्हिडिओचं. नोकरीभर यांनी दुकानदारांची वजनंमापं तपासली. निवृत्त झाल्यावर तपासायला काहीच उरलं नाही, तेव्हा आधी माझ्या डब्यांमधले चमचे मोजून झाले, मग घड्याळं जुळवून झाली आणि मग हे खेळांकडे वळले. पटावरचे खेळ, पत्त्यांचे खेळ, पडद्यावरचे खेळ. एकेक घरी आणायचा, खेळायचा, आणि मोबाइलसमोर बसून त्याचं माप काढायचं. यांची मतं वजनासारखीच होती, पुरी उतरणारी. ‘हरल्याशिवाय मत द्यायचं नाही’ हे पहिलं. जो खेळ आपल्याला हरवून गेला नाही तो आपल्याला कळलाच नाही, असं यांचं म्हणणं. त्यामुळे नवा डबा उघडून किंचाळणाऱ्या पोरांचे व्हिडिओ यांना सोसत नसत. “खेळायच्या आधी किंचाळतो तो खेळणारा नव्हे, विकणारा.” पडद्यावरच्या खेळांबद्दल तक्रार वेगळी होती. “मेलेला माणूस कपडे झटकून लगेच उभा राहतो. मग जगण्याला किंमत काय?” आणि पत्त्यांपेक्षा फासे बरे, कारण फाशांवर रागावता येतं, पत्ते म्हटले की राग ते वाटणाऱ्यावर निघतो. आमच्या घरी वाटायला मीच असायची, त्यामुळे या मताला माझाही पाठिंबा होता.

प्रत्येक व्हिडिओची सुरुवात ठरलेली. खर्जातला आवाज, “नमस्कार मंडळी, आज वजनकाट्यावर आहे...” बघणारे थोडेच. त्यात एक माझी धाकटी नणंद, आणि तीसुद्धा झोप लागावी म्हणून लावायची.

मग यांच्या घशात गाठ निघाली.

डॉक्टर भले गृहस्थ होते. म्हणाले, “गाठ पूर्ण गेली, काळजी नको. स्वरयंत्र मात्र ठेवता आलं नाही.” एखाद्यानं भाडेकरू गेल्याचं सांगताना पंखाही नेला म्हणून सांगावं, तसं. घरी आल्यावर हे गळ्याला रुमाल बांधायला लागले आणि लहान मुलांची ती पाटी असते ना, चुंबकाच्या लेखणीनं लिहायचं आणि खालची पट्टी ओढली की पुसायचं, ती छातीशी धरून फिरायला लागले. घर इतकं शांत झालं, की फ्रिज बंद पडला तर मला एकटं वाटायचं.

दुपारी हे आतल्या खोलीत बसून स्वतःचेच जुने व्हिडिओ लावायचे. मी स्वयंपाकघरात. “नमस्कार मंडळी” कानावर आलं की हातातलं टाकून “आले हो” म्हणत मी दारापर्यंत जायची. दारात पोचल्यावर आठवायचं. असं कितीदा झालं, कोण मोजतंय. एकदा तर चहासुद्धा घेऊन गेले. यांनी चहा घेतला, पाटीवर लिहिलं, “यानं मागितला होता?” आणि पडद्यातल्या स्वतःकडे बोट दाखवलं. आम्ही दोघं हसलो. हसताना आवाज फक्त माझाच आला.

यांचा आवाज आता तेवढ्याच ठिकाणी होता, हे सांगायला हवं. मोबाइल सारखा भरतो म्हणून हे व्हिडिओ चढवला की मूळ प्रत पुसून टाकायचे. “एक प्रत म्हणजे वस्तू. दुसरी म्हणजे अडगळ,” हेही यांचंच मत.

पुढची कल्पना माझी नव्हती. वरच्या मजल्यावरच्या वहिनींची. त्या आजाऱ्याला बघायला म्हणून आल्या आणि जाताना आमच्या आयुष्याला कलाटणी देऊन गेल्या. त्यांचं येणं असंच असतं. (ही निंदा नव्हे. त्या स्वतःच तसं सांगतात.) म्हणाल्या, “अहो, यांच्याकडे मतं आहेत, तुमच्याकडे आवाज आहे. जोडा की! आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा बसतोच ना?” यांनी ताबडतोब पाटीवर लिहिलं, “खांदा कोण?”

अशी मी चॅनेलवर आले. हे खेळणार, हरणार, पाटीवर मत लिहिणार आणि मी ते बोलून दाखवणार. पहिल्याच दिवशी मोबाइल बरणीला टेकवून मी तयार बसले आणि यांनी पाटी वर केली. पाटीवर एकच शब्द होता: “भिकार.”

आता आली का पंचाईत! खेळ कुणीतरी घडवलेला. त्याला भिकार म्हणणं ही निंदा. चांगला म्हणणं हे खोटं. मी बराच वेळ त्या पटाकडे बघत राहिले, आणि मग तोंडातून निघून गेलं, “या खेळानं संयम वाढतो.”

आमच्या यांनी कपाळाला हात लावला. पण लोकांना ते आवडलं! पुढच्या खेळाला मी म्हटलं, “डबा मजबूत आहे, कपडे ठेवायला उपयोगी पडेल.” त्यापुढच्याला, “यातले घोडे फार प्रेमानं रंगवलेत.” बघणाऱ्यांनी आपापसात कोश तयार केला. संयम वाढतो म्हणजे कंटाळवाणा. डबा मजबूत म्हणजे पैसे पाण्यात. घोडे प्रेमानं रंगवलेत म्हणजे नियम कुणी वाचलेलेच नाहीत. खाली कॉमेंट यायच्या, ‘काकू, म्हणजे घ्यायचा की नाही, एकदा सांगाच,’ ‘काकू, जरा मोठ्यानं बोला, शेजारचा पंखा ऐकू येतोय.’ वहिनी म्हणायच्या, “थोडं तिखटमीठ लावा हो. असं बोलताय, जसं काही खेळ वारलाय.” पण बघणारे वाढले. आणि कुणीतरी नवा माणूस ‘या काकूंच्या आधी कोण बोलायचं?’ असं विचारत मागे मागे जायचा आणि यांचे जुने व्हिडिओ बघायचा. ‘आवाज काय आहे यांचा!’ असं एकानं लिहिलं, ते यांनी मला बोट ठेवून दाखवलं. नंतर पुन्हा दाखवलं. रात्री जेवताना तिसऱ्यांदा.

बघणारे वाढले म्हणूनच घात झाला. एके दुपारी व्हिडिओवाल्या कंपनीचा निरोप आला, की चॅनेलची माहिती अपुरी आहे, प्रश्नांची उत्तरं द्या. हे झोपले होते. म्हटलं, आजारी माणसाला कशाला उठवायचं, आपणच भरून टाकू. आपल्या हातून एक काम होईल. चष्मा लावून बसले.

‘आपल्या व्हिडिओंमध्ये जुगाराशी संबंधित साधनं असतात का?’ फासे असतात. हो. ‘हिंसा असते का?’ सोंगटी मारतात, तोच तर खेळ. कालच यांनी माझा राजा मारला होता. हो. ‘मद्याचा उल्लेख?’ एका व्यापाराच्या खेळात दारूची पिंपं विकायची असतात. मी ती कधी विकत नाही, म्हणून तर हरते. पण उल्लेख आहे. हो. ‘आपल्या व्हिडिओतल्या वस्तूंमुळे लहान मुलांना इजा होऊ शकते का?’ इथे मी थांबले. होऊ शकते काय, झालेली आहे. वरच्या वहिनींच्या नातीनं आमच्याच पटावरची हिरवी सोंगटी नाकात घातली होती आणि ती काढायला दवाखाना गाठावा लागला होता. ‘झालेली आहे’ असा पर्याय नव्हता, म्हणून हो. शेवटचा प्रश्न, ‘आपण स्वतः खातेदार आहात का?’ नाही.

सगळं खरं लिहिल्याचं समाधान वाटलं. देवापुढचा दिवा नीट केला आणि चहा टाकला.

हे उठले तेव्हा चॅनेल नव्हतं. जिथे यांचं चित्र असायचं तिथे करडा चौकोन होता, आणि खाली लिहिलं होतं: जुगार, हिंसा, मद्य, बालकांना इजा आणि अनोळखी व्यक्तीकडून खात्याचा वापर या कारणांमुळे हे चॅनेल बंद करण्यात आलं आहे. यांनी ते वाचलं. आयुष्यात कुणाच्या दुकानातून फुकटची लवंग न उचललेला माणूस! यांनी पाटी घेतली आणि लिहिलं, “मी?”

“मी,” मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं.

हे रागावले नाहीत, तेच वाईट झालं. नुसते त्या करड्या चौकोनावर बोट दाबत राहिले, जसं दाबल्यानं उघडेल. त्यातून आवाज येईना. त्या दिवसापासून दुपारी स्वयंपाकघरात मला काही ऐकू येईना, आणि तरी मी दारापर्यंत जायची.

चूक दुरुस्त करायची होती. कंपनीला फोन लावला. यंत्र बोललं, “खातेदार असाल तर ‘होय’ म्हणा.” यांनी टेबलावर टकटक केली. “आम्हाला ऐकू आलं नाही. खातेदार असाल तर ‘होय’ म्हणा.” यांनी चमचा ताटावर आपटला. यंत्रानं आभार मानून फोन ठेवला.

वहिनी खाली आल्या. “अहो, एवढं काय? जाडा आवाज काढायचा आणि म्हणायचं ‘होय’. देवाला काय कळतंय!”

“देवाला कळतं, म्हणून तर तो देव.”

“मग देवालाच लावा फोन,” वहिनी म्हणाल्या आणि तरातरा वर गेल्या. त्यांचंही बरोबर होतं.

मग पत्र पाठवलं, की खातेदार बोलू शकत नाहीत. उत्तर आलं, डॉक्टरांचा दाखला जोडा. दवाखान्यात कारकुनानं दाखला लिहिला: ‘सदर रुग्ण आता बोलत नाही.’ मला वाक्य जरा बोचलं, पण खोटं नव्हतं. कंपनीचं उत्तर आलं, आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत, मृत्यूचा दाखला जोडल्यास खातं कायमचं मिटवता येईल. मी घाईघाईनं कळवलं, की जिवंत आहेत, समोर बसून केळं खातायत. उत्तर आलं, तसं असल्यास हयातीचा दाखला जोडा.

हयातीच्या खिडकीवरच्या बाईंनी आमच्याकडे न बघता विचारलं, “हयात आहात का?”

यांनी मान हलवली.

“मान हलवून चालत नाही. स्पष्ट सांगा.”

यांनी पाटीवर लिहून खिडकीला लावलं: “नाइलाजाने.”

बाईंनी पहिल्यांदा वर बघितलं, वाचलं आणि शिक्का मारला. त्या सगळ्या प्रकरणात आमचं कुणी ऐकलं असेल तर तेवढंच.

शेवटी कंपनीनं विशेष बाब म्हणून कळवलं, की आमचा माणूस फोन करेल. खातेदारानं त्याच्याशी कुठलंही एक वाक्य बोलावं. आवाज आमच्याकडच्या व्हिडिओंशी जुळला की चॅनेल सुरू. म्हणजे यांचा सगळा आवाज त्यांच्याकडे, आणि आमच्याकडे मागतायत एक वाक्य. हे वाचून यांनी पाटी पालथी ठेवली, आणि दोन दिवस हातात धरली नाही. ते मौन माझ्या मौनासारखं नव्हतं. त्याला सोडायची वेळ नव्हती.

नणंदेला विचारलं, तिच्याकडे काही नव्हतं. नातेवाइकांकडे शोधलं. लग्नातल्या चित्रफितीत यांनी तोंडच उघडलेलं नाही. वहिनींनी जिन्यात ही गोष्ट सगळ्यांना सांगितली, आणि संध्याकाळी दार वाजलं. दारात इमारतीचे सेक्रेटरी.

या गृहस्थांचं आणि आमच्या यांचं विळ्याभोपळ्याचं नातं. ते आपली गाडी बरोबर फाटकाच्या तोंडाशी लावतात. का, ते विचारू नये. मला निंदा करायची नाही. ते आत आले, खुर्चीवर न बसता उभे राहिले.

“तुमचं एक वाक्य माझ्याकडे आहे,” ते यांना म्हणाले. “मी पार्किंगचे सगळे फोन रेकॉर्ड करतो. पुरावा म्हणून. मीटिंगमध्ये वाजवणार होतो. उद्धट भाषा, असा विषयही लिहून ठेवला होता.” आणि त्यांनी मोबाइल पुढे धरला.

“गाडी काढा आधी, मग बोला!”

खोली भरून गेली. तो खर्ज, ती ‘आधी’वरची ठोकणी. मला एकदम आठवलं. ऑपरेशनला निघालो तो दिवस. मी टॅक्सीत पिशव्या घेऊन बसलेली, टॅक्सी फाटकात अडकलेली, आणि बाहेर उभे राहून हे फोनवर. सेक्रेटरी पलीकडून गाडी का लावली त्याची कारणं सांगत होते, आणि त्यावर यांनी हे म्हटलं. त्यानंतर टॅक्सीत आणि दवाखान्यातही हे घसा दुखतो म्हणून बोलले नाहीत.

सेक्रेटरींना ते ठाऊक नव्हतं. मी सांगितल्यावर ते बसले. वाक्य आमच्या मोबाइलवर पाठवलं, आणि पाणी न पिता गेले.

आता प्रश्न असा, की रेकॉर्डिंग वाजवणं हे खोटं आहे की नाही? मी खूप विचार केला. आवाज यांचा. वाक्य यांचं. बटण हेच दाबणार. शिवाय गाडी अजूनही फाटकातच असते, म्हणजे वाक्य आजही खरं आहे. देव इतपत समजून घेईल असं मनाशी ठरवलं.

कंपनीचा फोन कधी यावा? सकाळी. माळ माझ्या हातात, निम्म्यावर. फोन वाजला. यांनी उचलला आणि मोठ्यानं ऐकू येईलसा करून माझ्यासमोर ठेवला. घरात दोन माणसं: एकाला आवाज नाही, दुसरीला परवानगी नाही.

“हॅलो, सर? आपण एक वाक्य बोलायचं आहे.”

यांनी दुसऱ्या मोबाइलचं बटण दाबलं. “गाडी काढा आधी, मग बोला!”

“सर? कसली गाडी, सर?”

“गाडी काढा आधी, मग बोला!”

“सर, माझ्याकडे गाडी नाही. मी बसनं येतो.” माणूस घाबरला होता बिचारा. मग त्याच्या बाजूला काहीतरी टकटक झाली आणि आवाज उजळला. “सर! जुळला! पूर्ण जुळला. अभिनंदन.”

यांनी माझा हात धरला. रुमालाखालचा श्वास जोरात चालला होता.

“फक्त एक विचारावं लागतं, सर. नियम आहे. आपण हे आत्ता स्वतः बोललात ना? आधी रेकॉर्ड केलेलं नाही ना? आपण काही बोलला नाहीत तर मी ‘स्वतः बोललो’ असं धरून पुढे जातो.”

एवढं सोपं होतं. काही करायचं नव्हतं. मौन पाळायचं होतं, जे मी इतकी वर्षं रोज पाळत आले. माळेचा मणी माझ्या बोटात होता. पलीकडे तो माणूस थांबला होता आणि त्याच्यामागे कुठेतरी यांचा सगळा आवाज दाराशी उभा होता. मी यांच्याकडे बघितलं. यांनी मला गप्प राहा म्हणून खुणावलं असतं तर काय झालं असतं, मला खरंच माहीत नाही. पण यांनी खुणावलं नाही. जन्मभर काट्यावर बोट ठेवणाऱ्यांना पकडणारा माणूस. यांनी नुसते डोळे मिटले.

“रेकॉर्डिंग आहे,” मी म्हटलं.

पलीकडची टकटक थांबली.

“मॅडम,” तो हळूच म्हणाला, “तुम्ही बोलला नसता तर...”

“माहीत आहे, बाळा,” मी म्हटलं. तेही खरंच होतं.

चॅनेल कायमचं बंद झाल्याचं पत्र दुपारच्या आत आलं. त्या कामात मात्र कंपनी तत्पर निघाली. वहिनी म्हणाल्या, “इतकं खरं कुणी बोलतं का हो?” आणि पदरानं डोळे पुसत बसल्या, त्यामुळे मला त्यांचीच समजूत घालावी लागली. त्या गेल्यावर मी यांच्यासमोर जाऊन बसले. यांनी दोन दिवसांनी पहिल्यांदा पाटी उचलली.

“हरलो,” लिहिलं. पट्टी ओढली. “म्हणजे आता मत देता येईल.”

“द्या,” मी म्हटलं. म्हटलं, या वेळी जे लिहाल ते मी वाचीन. भिकार लिहा, आणखी वाईट लिहा, निंदा तर निंदा.

यांनी लेखणी धरून बराच वेळ विचार केला. मग लिहून पाटी माझ्याकडे फिरवली.

“संयम वाढतो.”

मौन मोडल्याबद्दल प्रायश्चित्त म्हणून मी तेव्हापासून माळ दुप्पट करते. मौनही लांबलं. हे खिडकीशी मोबाइल घेऊन बसून राहतात, माझ्या बोटांकडे बघत. शेवटचा मणी आला, माळ खाली ठेवली, की बटण दाबतात.

“गाडी काढा आधी, मग बोला!”

खाली फाटकाशी दाराचा आवाज होतो, इंजिन सुरू होतं, आणि सेक्रेटरींची गाडी मुकाट्यानं मागे जाते. मग मी बोलते.